‘क’ कुठून सुरू होतो?

पहिलीच्या वर्गात एका मुलाने दुरेघी वहीत ‘क’ची ओळ पूर्ण केली. बाईंनी वही पाहिली, बरोबरची खूण केली आणि खाली ‘छान’ लिहिलं. वही पाहणाऱ्या कुणालाही ती ओळ छानच वाटली असती. मी मात्र ओळ लिहून होईपर्यंत त्याच्या शेजारी बाकावर बसले होते. त्याने आधी शिरोरेषा मारली. मग खालच्या रेघेपासून दंड वर नेला. मग उजवीकडची शेपटी, तीही खालून वर. डावीकडचं पोट सगळ्यात शेवटी, उलट्या दिशेने फिरवून दंडाला चिकटवलं. पुढचा ‘क’ त्याने पोटापासून सुरू केला, त्यापुढचा शेपटीपासून. ओळभर त्याने ‘क’ची चित्रं काढली होती आणि प्रत्येक चित्र नव्याने काढलं होतं.

क्षुल्लक वाटावी अशी ही गोष्ट आहे. अक्षर वाचता येतंय ना, मग ते कुठून सुरू झालं याच्याशी कुणाला काय घेणं? पहिलीत खरोखरच काही बिघडत नाही. बिघडतं ते तिसरी-चौथीत, बाई फळ्यावर उत्तर लिहून थोड्या वेळाने पुसायला लागतात तेव्हा. ज्या हाताला ‘क’चा एकच रस्ता पाठ आहे तो धावतो. ज्याला दर वेळी रस्ता शोधावा लागतो तो मागे पडतो, आणि घाई केली की त्याचं अक्षर फुटतं. ‘ध’चा ‘घ’ होतो, ‘भ’चा ‘म’, ‘थ’चा ‘य’. दंड शिरोरेषेच्या वर डोकं काढतो. मग ‘अक्षर सुधारा’ असा लाल शेरा घेऊन वही घरी येते. घरचे रोज पाच पानं शुद्धलेखन लावतात, आणि त्या पाच पानांत तीच चुकीची चाल आणखी पक्की होते.

मुलांच्या अक्षरासाठी आपण जे काही करतो, ते बहुतेक सगळं वहीकडे बघून करतो. लिहिणारा हात कुणी बघतच नाही. पन्नास मुलांच्या वर्गात एकट्या बाईंना ते जमणंही कठीण, हे कबूल. पण घरी शेजारी बसून टीव्ही बघता बघता ‘झालं का लिहून?’ विचारणाऱ्या आपल्याला ते सहज जमण्यासारखं आहे.

देवनागरीची गंमत अशी की ती टांगलेली लिपी आहे. रोमन अक्षर खालच्या रेघेवर उभं राहतं, आपलं अक्षर वरच्या रेघेला लोंबतं. मराठीला दुरेघी वही पुरते, इंग्रजीला चाररेघी लागते. २००० सालापासून महाराष्ट्रातल्या मराठी शाळांतही इंग्रजी पहिलीपासून शिकवतात. म्हणजे सहा वर्षांचं मूल एका तासाला अक्षर वरून खाली सोडायला शिकतं आणि पुढच्या तासाला खालच्या रेघेवर बसवायला. दोन्ही एकाच महिन्यात, एकाच पेन्सिलीने. बहुतेक मुलं हे निभावून नेतात, याचंच खरं तर नवल वाटायला हवं. काहींची मराठी अक्षरं मात्र दोन रेघांच्या मधे कुठेतरी तरंगत राहतात, ना वर टेकलेली ना खाली. त्यांना ‘गबाळं अक्षर’ म्हणण्याआधी वरच्या रेघेवर बोट ठेवून ‘इथून लोंबवायचं’ एवढं सांगून बघावं.

शिरोरेषा कधी द्यायची, यावर शिक्षकांमध्ये एकमत नाही. काही जण प्रत्येक अक्षराला त्याची त्याची टोपी घालायला लावतात, काही जण शब्द पूर्ण झाल्यावर एकच रेघ ओढायला सांगतात. माझं मत दुसऱ्या बाजूला पडतं. शब्दाला एक रेघ दिली की कुठला शब्द कुठे संपला हे मुलाला हातानेच कळतं आणि दोन शब्दांत जागा आपोआप सुटते. शिवाय ‘ध’ आणि ‘भ’ यांच्या डोक्यावरची रेघ कुठे तोडायची, तेही शेवटी एकदाच बघावं लागतं. आपल्याच मोडी लिपीत मात्र याच्या नेमकं उलट होतं. कारकून आधी कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढून घेई आणि मग तिच्याखाली अक्षरं ओवत जाई, शक्यतो हात न उचलता. मोडीचं सगळं लक्ष वेगावर होतं, बालबोधीचं, म्हणजे देवनागरीचं, वाचणाऱ्याच्या सोयीवर. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शाळेतली मुलं दोन्ही शिकत होती.

त्याआधीच्या पंतोजींच्या शाळेत पहिला कागद म्हणजे धूळपाटी. फळीवर बारीक धूळ पसरायची, काडीने किंवा बोटाने अक्षर काढायचं, फळी हलवली की सगळं साफ. मग कित्ता आणि बोरू. रोज तेच, आणि चुकलं की छडी. त्या शाळेचे गोडवे गाण्याचं मला काही कारण दिसत नाही. पण धूळपाटीत एक गुण होता, जो वहीत नाही. बोटाखाली कण सरकतात आणि अक्षराचं वळण कातडीला कळतं. पाटीवरच्या पेन्सिलीतही तो थोडा होता. ती गुळगुळीत घसरत नाही, किंचित अडते, हाताला उत्तर देते. आणि पाटीवरची चूक ओल्या फडक्याने जाते, तिच्यावर लाल शेरा बसत नाही. आताच्या चकचकीत कागदावर टोकदार पेन्सिल नुसती पळते.

अक्षराबद्दल मराठीत सगळ्यात नेटकं मार्गदर्शन लिहून ठेवलंय ते समर्थ रामदासांनी. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास ‘लेखनक्रियानिरूपण’ या नावाचा आहे. अक्षर वाटोळं, सरळ आणि मोकळं हवं, हे तिथे आहेच. पण त्यातले व्यावहारिक तपशील मला जास्त आवडतात. पान शिशाने आखून घ्यावं. एका ओळीतली मात्रा-वेलांटी दुसऱ्या ओळीला लागू नये. सुरुवातीला जे अक्षर तेच ग्रंथ संपेपर्यंत राहावं. कडेने जागा सोडावी, म्हणजे कागद झिजला तरी अक्षराला धक्का लागणार नाही. आणि तरुणपणी फार बारीक लिहू नये, कारण म्हातारपणी ते आपल्यालाच वाचता येणार नाही. (चाळिशीचा चष्मा लावणाऱ्यांनी हे आधीच ऐकायला हवं होतं.) समर्थ हे सांगताहेत ते लिहित्या हाताच्या माणसाला, पोथ्या उतरवणाऱ्याला. आपण त्यातलं ‘सुंदर’ तेवढं उचललं आणि ते पाच वर्षांच्या मुलाच्या वहीवर लादलं.

गांधीजींचं अक्षर वाईट होतं आणि त्याची खंत त्यांनी आत्मकथेत मोकळेपणाने मांडली आहे. दक्षिण आफ्रिकेत तिथल्या वकिलांची आणि तरुणांची सुरेख अक्षरं पाहून त्यांना स्वतःची लाज वाटली, पण तोवर उशीर झाला होता. त्यातून त्यांनी काढलेला निष्कर्ष मात्र ‘आणखी गिरवा’ असा नाही. मुलांना आधी चित्रकला शिकवावी, असं ते म्हणतात. पानं, फुलं, पक्षी बघून काढता यायला लागले, की अक्षरही मूल तसंच बघून काढेल.

हे प्रत्यक्षात करून पाहिलं ते बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी. ताराबाईंनी १९२६ साली गिजुभाई बधेका यांच्यासोबत नूतन बाल शिक्षण संघ स्थापन केला, १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झालं, आणि १९५७ मध्ये काम डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर गेलं. माँटेसरी पद्धतीतली साधनं तेव्हा महागडी आणि परदेशी घडणीची. खरखरीत कागदाची अक्षरं, धातूचे आकार, मणी. ताराबाईंनी तत्त्व ठेवलं आणि सामान बदललं: खडे, शिंपले, बिया, पानं, काड्या. गुरं राखायला जाणाऱ्या मुलांसाठी शाळाच कुरणात नेली. बिया ओळीत मांडणं, काड्यांचा चौकोन करणं, वाळूत बोट फिरवणं हे तिथलं लेखन. वारल्यांचा हा मुलूख; घराच्या भिंतीवर वर्तुळ, त्रिकोण आणि चौकोनातून अख्खं गाव उभं करणारी ही माणसं. अक्षराला लागणारे आकार या मुलांना उपरे नव्हतेच.

शरीराचाही एक क्रम असतो. मूल आधी खांद्यातून रेघोट्या मारतं, मग कोपरातून, मग मनगटातून. बोटांची बारीक हालचाल सगळ्यात शेवटी येते. साधारण तिसऱ्या वर्षी ते बघून गोल काढतं, चौथ्याच्या सुमारास अधिक चिन्ह, साडेचारच्या आसपास चौकोन. तिरप्या रेघा एकमेकींना छेदणारी फुली पाचच्या आसपास जमते, त्रिकोण त्यानंतर. मनगटात आठ छोटी हाडं असतात. जन्मतः ती कूर्चेची असतात आणि एकेक करत पक्की होतात. शेवटचं हाड तयार व्हायला आठ ते बारा वर्षांचं वय उजाडतं. आता ‘अ’ बघा. तिनाच्या आकड्यासारखी दोन वळणं, मधली आडवी जोडरेघ, दंड, शिरोरेषा. वर्णमालेत पहिला मान त्याला, पण काढायला तो अवघड अक्षरांपैकी एक. साडेतीन वर्षांच्या मुलाला आपण सुरुवातच त्याच्यापासून करायला लावतो.

राष्ट्रीय शिक्षण धोरणाने २०२० मध्ये तीन ते आठ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा मानला आणि खेळातून शिकण्यावर भर दिला. कागदावर हे उत्तम आहे. गल्लीतल्या नर्सरीत अजून ‘मुलाला लिहिता येतं’ हीच जाहिरात चालते. एका बालवाडीच्या ताईंनी मला त्यांचं कपाट उघडून दाखवलं. एका खणात माती, मणी, शिवणकामाचे पुठ्ठे. दुसऱ्या खणात छापील ठिपक्यांच्या गिरवायच्या पुस्तिका. “हा वरचा खण मुलांचा,” त्या म्हणाल्या, “आणि खालचा आईबाबांचा. शनिवारी पिशवीत पुस्तिका गेली नाही, की सोमवारी फोन येतो. मी काय करू, सांगा.” मी काय सांगणार?

त्या ठिपक्यांच्या पुस्तिकांबद्दल संशोधन काय म्हणतं, ते मात्र सांगता येईल. अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठात कॅरिन जेम्स आणि लॉरा एंगेलहार्ट यांनी अजून वाचता न येणाऱ्या, पाचेक वर्षांच्या मुलांना काही अक्षरं हाताने काढायला दिली, काही ठिपक्यांवरून गिरवायला आणि काही कीबोर्डवर दाबायला. नंतर तीच अक्षरं दाखवून मेंदूचं चित्रण केलं. वाचताना मेंदूचे जे भाग कामाला लागतात, ते हाताने मोकळं काढलेल्या अक्षरांना जागे झाले. गिरवलेल्या किंवा टाइप केलेल्या अक्षरांना तसे नाहीत. हा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. त्याआधी १९९७ मध्ये व्हर्जिनिया बर्निंजर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अक्षरात मागे पडलेल्या पहिलीच्या मुलांवर वेगवेगळे उपाय ताडून पाहिले होते. सगळ्यात जास्त उपयोग झाला तो एका साध्या रीतीचा. अक्षरावर क्रमांक घातलेले बाण बघायचे, मग अक्षर झाकायचं आणि आठवून लिहायचं. त्या मुलांचं अक्षर तर सुधारलंच, स्वतःच्या मनाचं लिहिण्याचा ओघही वाढला.

हे दोन्ही प्रयोग रोमन लिपीचे, पण ‘झाकून लिही’ ही युक्ती आपल्याकडच्या जुन्याजाणत्या बाईंना परकी नाही. सांगली जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीला शिकवणाऱ्या बाईंचा तास मी मागे बसून पाहिला. त्यांनी ‘अ’ला हातच लावला नाही. फळ्यावर आधी फक्त दंड, वरून खाली. मुलांनी हवेत काढला, शेजाऱ्याच्या पाठीवर बोटाने काढला, मग पाटीवर. त्यानंतर ग, म, भ, न. पाटीवरची ही जुनी चौकडी उगाच एकत्र आलेली नाही. चारही अक्षरांचा दंड उजवीकडे, शेवटी येणारा, बदल काय तो डाव्या अंगाला. पुढच्या गटात ‘व’. त्याच्या पोटात तिरपी रेघ दिली की ‘ब’, दंडाला शेपटी फुटली की ‘क’. एका अक्षराच्या चालीवर तीन अक्षरं सुटतात. फळ्यावर अक्षर काढताना बाई तोंडाने बोलत होत्या: “गोल फिरून या, आता वर जा, सरळ खाली, थांबा.” मग फळ्यावर फडकं फिरवलं. “आता नाही फळ्यावर. काढा.”

त्यांच्याकडून कळलेली दुसरी गोष्ट पहिल्या वेलांटीची. ‘पिशवी’ म्हणताना ‘प’ आधी ऐकू येतो आणि ‘इ’ नंतर, पण कागदावर वेलांटीचा दंड ‘प’च्या डावीकडे बसतो. मूल ऐकलं त्या क्रमाने ‘प’ काढतं, वेलांटीसाठी मागे वळतं, तर तिथे आधीचा शब्द येऊन टेकलेला. मग वेलांटी चिरडते, नाहीतर उजवीकडे जाऊन बसते आणि ‘पिशवी’ची ‘पीशवी’ होते. आपण त्याला शुद्धलेखनाची चूक म्हणून मोकळे होतो. बाई मुलांना आधी डाव्या हाताचं बोट कागदावर ठेवायला लावतात, बोटाच्या पलीकडे अक्षर काढायचं, मग बोट उचलून त्या जागेत वेलांटी. रफाराचंही असंच काहीसं. ‘सूर्य’मधला ‘र’ आधी ऐकू येतो आणि ‘य’ काढून झाल्यावर त्याच्या डोक्यावर चढतो. दुसरीतल्या मुलाने ‘सुय’ लिहिलं तर त्याला ‘र’ ऐकू आला नाही असं समजू नये. तो कुठे ठेवायचा, हे त्याला कळलेलं नसतं.

पेन्सिल कशी धरली यावर घरोघरी फार आरडाओरडा होतो. अंगठा, तर्जनी आणि खाली मधलं बोट ही धरणी सोयीची खरी, पण चार बोटांनी धरून सुरेख, भराभर लिहिणारी माणसंही असतातच. बोटांची पेरं पांढरी पडताहेत का, दहा मिनिटांत हात झटकावा लागतोय का, कागदाच्या मागच्या बाजूला अक्षराचा फुगवटा उठतोय का, हे बघावं. तसं असेल तर रबरी पकडी विकत आणण्याआधी खडूचा नखाएवढा तुकडा द्यावा. एवढ्याशा तुकड्यावर मूठ आवळताच येत नाही, तीन बोटं आपसूक जागेवर येतात. बाकही बघावा. पाय अधांतरी लोंबकळत असतील आणि टेबल छातीला लागत असेल, तर कुणाचंच अक्षर सरळ येणार नाही. आणि घरात थोडी कणीक तिंबू द्यावी, मटार सोलू द्यावेत, दिवाळीत ठिपक्यांची रांगोळी काढू द्यावी. चिमटीतून रांगोळी सोडत ठिपका ठिपक्याला जोडणं हा बोटांचा उत्तम व्यायाम आहे, आणि त्याला गृहपाठ म्हणावं लागत नाही.

डावखुऱ्या मुलांवर आपण विशेष अन्याय करतो. ‘उजव्या हाताने लिही’ हा हुकूम अजूनही आजी-आजोबांकडून येतो, कधी शाळेतूनही. उजवखुरा माणूस शिरोरेषा ओढतो, डावखुऱ्याला ती ढकलावी लागते, आणि लिहिलेलं त्याच्याच हाताखाली झाकलं जातं. त्याच्यासाठी कागदाचा वरचा भाग उजवीकडे कलता ठेवावा, पेन्सिल टोकापासून जरा वर धरायला शिकवावी आणि बाकावर त्याला डाव्या टोकाला बसवावं, म्हणजे शेजाऱ्याच्या कोपराशी टक्कर होत नाही. शिरोरेषा त्याने उजवीकडून डावीकडे ओढली तर ओढू द्यावी. ती कुठून आली, हे कागदावर दिसत नाही. या एका रेघेपुरता मी माझाच आग्रह मागे घेते.

उन्हाळ्याच्या सुटीत ‘सुंदर हस्ताक्षर’ वर्गांचे फलक लागतात. काही चांगले असतात. पण बऱ्याच ठिकाणी सगळ्या मुलांचं अक्षर एकाच साच्यातून काढल्यासारखं होतं आणि सुटी संपली की महिन्याभरात मूळपदावर येतं, कारण हळू लिहिताना बसवलेलं वळण परीक्षेच्या वेगात टिकत नाही. सुलेखन ही वेगळी, मोठी कला आहे. र. कृ. जोशी किंवा अच्युत पालव यांचं काम बघताना अक्षर किती दूर जाऊ शकतं ते कळतं. पण पहिलीच्या मुलाला तिथे जायचं नाहीये. त्याचं अक्षर दुसऱ्याला वाचता आलं आणि त्याचा हात दुखला नाही, तर पुरे. साच्याबद्दल बोलायचं तर एक घोळ शासनालाही निस्तरावा लागला. मराठीचा पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ हेच प्रमाण, असं २००९ च्या शासन निर्णयात ठरलं, आणि २०२२ मध्ये त्याची पुन्हा उजळणी झाली. तरी आईच्या मोबाइलवर बहुतेक वेळा हिंदी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ दिसतात, दुकानांच्या पाट्यांवर दोन्ही. मुलाने यातलं कुठलंही एक काढलं तरी मी त्यावर लाल शाई खर्च करणार नाही.

एवढं सगळं करूनही काही मुलांचं अक्षर लागत नाही. तोंडी उत्तर फडाफड देणारं मूल कागदासमोर गप्प होतं, एकच शब्द एका पानात तीन तऱ्हांनी लिहितं, फळ्यावरचं उतरवताना मधल्या ओळी गाळतं. असं मूल आळशी नसतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे, आणि लेखनातली अक्षमता तिच्यातच येते. दहावी-बारावीच्या परीक्षेत अशा मुलांना जादा वेळ आणि गरजेप्रमाणे लेखनिक मिळतो. त्यासाठी मान्यताप्राप्त रुग्णालयाचं प्रमाणपत्र लागतं. मुंबईत सायनच्या रुग्णालयात यासाठी स्वतंत्र विभाग आहे. निदान साधारण आठव्या वर्षाच्या सुमारास पक्कं करता येतं, त्याआधी घाई करू नये. पण दहावीचा अर्ज भरायच्या महिन्यात धावपळ करण्याइतकं थांबूही नये. जाताना दोन वर्षांच्या वह्या न्याव्यात, आणि सोबत मोबाइलवर काढलेला दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओ. त्यात मुलाचा चेहरा नको. कागद, लिहिणारा हात आणि खांदा एवढं दिसलं पाहिजे.